पहिली नळी

लॅबमधल्या बाईंना आकड्यांशी भांडायची खोड होती. एखादा आकडा पटला नाही की त्या आधी मशीनला बोल लावायच्या, मग नळीला, आणि अगदीच नाइलाज झाला की आजाराला. त्यामुळे त्याच हॉस्पिटलात भरती असलेल्या त्यांच्या वडिलांच्या रक्तातले यकृताचे एन्झाइम एका दिवसात उतरले, तेव्हा त्यांना आनंदाऐवजी रागच आला.

वडिलांचं हृदय पार थकलं होतं. रक्त पुढे रेटत नव्हतं, त्यामुळे यकृत तुंबलं होतं आणि एन्झाइमचे आकडे आभाळाला भिडले होते. "जवळच्यांना बोलावून घ्या," असं डॉक्टर म्हणून गेले होते. आणि आज हा आकडा धडधाकट माणसाचा!

"नळ्यांची अदलाबदल झालीय," असं म्हणत बाई वॉर्डात गेल्या आणि त्यांनी स्वतः रक्त काढलं.

"अगं, बापाचं किती रक्त पिशील?" वडील म्हणाले. कालपर्यंत त्यांना धड एक शब्द बोलवत नव्हता.

आकडा तोच आला.

जुने नमुने लॅबमध्ये आठवडाभर फ्रिजात ठेवत. बाईंनी वडिलांना भरती केलं त्या दिवशीची, पहिली नळी काढली आणि मशीनला लावली. तेव्हाचा भयंकर आकडा पुन्हा आला असता, तर निदान मशीनवरचा संशय तरी फिटला असता.

तिचाही आकडा आजचाच आला. दशांशासकट.

नमुना ठेवून दिला की त्यातले एन्झाइम थोडे उतरतात, हे बाईंना ठाऊक होतं. पण इतके? नळीवर अक्षर त्यांचंच होतं. त्यांनी ती गुपचूप जागेवर ठेवली.

वडील चालत घरी गेले. बाईंचा जीव भांड्यात पडला. जिन्यात बसून त्या पोटभर रडल्या आणि आकड्याशी चाललेलं भांडण त्यांनी मिटवून टाकलं. बाबा आहेत ना, बस्स.

दुसऱ्या दिवशी लॅबमधले बाईंचे जुने सहकारी, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, हातमोजे चढवून जुन्या नळ्या पिशवीत टाकत होते. मध्येच ते थांबले.

"बाई, ही नळी कोमट कशी?"

बाईंनी ती घेतली. वडिलांची पहिली नळी. अंगाइतकी कोमट होती.

"टाकू?"

"नको!" त्यांनी नळीभोवती मूठ घट्ट आवळली.

फोन वाजला. आई होती.

"बाबा मजेत आहेत गं. फक्त आत्ता अचानक एकच घोकायला लागलेत."

"काय?"

"तिला सांग म्हणतात, मूठ जरा सैल कर."