अवघड शब्द आणि मोडलेलं मनगट

प्लास्टर काढलेला नवा पेशंट समोर येऊन बसला, तेव्हा त्या फिजिओथेरपिस्ट तरुणीचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. परदेशातल्या हॉस्पिटलची नोकरी अगदी हाताशी आली होती. घोडं अडलं होतं ते इंग्रजीच्या परीक्षेत. एकदा ती नापासही झाली होती. म्हणून त्याचं मनगट हळूहळू वाकवता वाकवता ती पुटपुटत होती, "रिलक्टंट... म्हणजे एखादी गोष्ट करायला मनापासून तयार नसलेला..."

"आई गं!" तो कळवळला. "हात वाकवायला पेशंट रिलक्टंट आहे. घ्या, झालं वाक्य!"

तिला खुदकन हसू आलं. मग कळलं, की शब्दकोशासाठी उदाहरणाची वाक्यं लिहिणं हेच त्याचं काम. त्या दिवसापासून ती त्याची बोटं मोकळी करायची आणि तो तिची जीभ.

"इनएव्हिटेबल?" ती विचारायची.

"टाळू म्हटलं तरी टळत नाही ते."

"वाक्य?"

"तुमची ती बट डोळ्यांवर येणं... इनएव्हिटेबल आहे."

"असलं छापतात कोशात?"

"छे हो! संपादक काट मारतात."

बाकीचे पेशंट तिला ताई म्हणत. हा एकटा मॅडम म्हणायचा, तेही अगदी जपून! ते तिच्या लक्षात आलं होतं... आवडलंही होतं.

परीक्षेचा निकाल लागला. ती चांगल्या मार्कांनी पास झाली. त्याच आठवड्यात त्याची मूठ घट्ट वळली. दोन्ही बातम्या आनंदाच्या, पण दोघांचेही चेहरे उतरलेले.

"अभिनंदन," तो म्हणाला. "आता माझी गरज संपली."

"तुम्हालाही माझी." तिने त्याचं मनगट तपासलं, सोडायचं मात्र राहून गेलं. "एक वाक्य बघता? बरोबर आहे का ते सांगा."

"बोला."

"मला तिकडे... तुमच्याशिवाय करमणार नाही."

तो बघतच राहिला. "यात अवघड शब्द कुठाय?"

"एकही नाही. तरी ओठांवर यायला केवढा वेळ लागला!"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "कोशाचं काम कुठूनही करता येतं," तो हळूच म्हणाला. "तुमच्या आईंना भेटायला कधी येऊ?"

"रविवारी या. आणि तिथे उदाहरणं देत बसू नका हं... आईला सरळ बोलणारी माणसं आवडतात."