कळीखालचं शीत

बसा. घोंगडी ओढून घ्या, जमीन ओल मारते. चहा ठेवला असता, पण दूध सकाळीच नासलं. कोरा चालेल? नको? राहिलं.

कौल मी लावत नाय आता. अकरा महिने झाले. पोलादपुरात ज्यानं कुणी तुम्हाला चांगू गुरवाचं नाव सांगितलं, त्यानं जुनी खबर दिली. आई महाडला दवाखान्यात हाय म्हणालात. डॉक्टर म्हणतो ऑपरेशन करा, आणि तुमच्या बायकोनं मोबाईलवर भविष्याचे पत्ते काढले तर उलटा पत्ता निघाला. म्हणून आता देवीला विचारायला आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी आलात. शाबास! शिकलेली माणसं तुम्ही. रागावू नका. पत्ते काय, पोपट काय, कळ्या काय, माणूस उत्तर खिशात घालूनच येतो. त्याला फक्त ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं असतं. चाळीस वर्षं हेच बघत आलो मी.

तुम्हाला कौल ठाऊक नसेल, तर सांगतो. आमच्या देवीला डोळे-नाक काय नाय. काळा पाषाण हाय, कमरेएवढा, वर दोन खांदे असल्यागत. तगरीच्या दोन कळ्या पाण्यात भिजवायच्या. एक उजव्या खांद्याला लावायची, एक डाव्या. गाऱ्हाणं घालायचं आणि बसून राहायचं. उजवी आधी पडली तर हो. डावी पडली तर नाय. कुणी हात लावायचा नाय, फुंकर मारायची नाय. कधी घटकेत सुटते, कधी तासन् तास बसवते.

आणि गुरवाच्या मनात असलं तर?

भाताचं एक शीत पुरतं, साहेब. अंगठ्यानं चुरडायचं, कळीच्या पाठीला माखायचं. पूर्वी आम्ही पाकिटं अशीच चिकटवायचो. ती कळी मग दुपारपर्यंत हलत नाय, दुसरी आपोआप पडते. हे मला माझ्या बापानं शिकवलं. म्हणाला, ‘लोकांचं मन बघायचं नि त्यांच्या मनातलंच द्यायचं, त्यात पाप नाय.’ कुणाची सोयरीक, कुणाचं घराचं जोतं, कुणाची विहीर. देऊन टाकायचो. कुणाचं वाईट झालेलं मला आठवत नाय. म्हणून तर हिंमत वाढली.

मग आमच्या मंडळीला पोटात गाठ झाली. ठकूबाई तिचं नाव. वर्षभर तिनं मला सांगितलंच नाय. कण्हायची ती चुलीपुढं, धुराचं निमित्त करून. मी तिला सवच्या गरम झऱ्यावर नेलं, कढत पाण्यात तीन दिवस आंघोळ घातली, म्हटलं पोट शेकेल. शेकतंय कसलं. शेवटी महाडच्या डॉक्टरनं फोटो काढला आणि सांगितलं, ‘काका, पंधरा दिवसांत आणा. कापून काढू. बरी होतील बाई.’

घरी आल्यावर ती म्हणाली, ‘देवीला इचारा. देवी हो म्हणाली तर जाईन.’

आणि साहेब, मी घाबरलो. माझा बाप दवाखान्यात गेला तो चादरीत गुंडाळून आला. माझ्या डोळ्यांपुढं तेच. पण सगळं खरं सांगायचं तर तेवढंच नाय. तिच्याशिवाय ह्या घरात एक रात्र मी काढली नव्हती. सकाळी उठून पेज कोण देणार, एवढीसुद्धा भीती होती मला. लाज वाटते सांगायला. तिचा जीव एका पारड्यात आणि माझी पेज दुसऱ्यात, आणि मी पेजेचं पारडं जड केलं.

उजव्या कळीखाली शीत लावलं. तिनंच रांधलेल्या भाताचं.

डावी पडली. ती दारात बसून बघत होती. कळीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. ‘बरं’ म्हणाली. एवढंच. घरी येऊन बघतो तर तिनं पिशवी भरून ठेवली होती आधीच. दोन लुगडी, टॉवेल, तांब्या, डॉक्टरचे कागद. एकेक वस्तू काढून जागच्या जागी ठेवत बसली. मी पडवीत बसून नुसता ऐकत होतो.

चार महिने काढले तिनं. शेवटच्या दिवशी दुखणं सोसवेना, तेव्हा माझा हात धरून म्हणाली, ‘अवो, आता तरी न्या.’ मग मी धावलो. जीप मिळवली, तिला मांडीवर घेतलं. वाटेत दर वळणाला विचारायची, ‘आलं का महाड?’ पोलादपूर सोडलं आणि विचारायची थांबली. ड्रायव्हरनं माझ्याकडं बघितलं नि गाडी तिथूनच फिरवली. महाड काय तिनं बघितलं नाय.

मी कौल लावणं बंद करायला हवं होतं तेव्हाच. केलं नाय. शीत मात्र सोडलं. देवीपुढं नाक घासून सांगितलं, आता तू देशील तेच.

दोन वर्षं गेली. आमची अंकिता, एकुलती एक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दासगावला दिलीय तिला. दिवस भरत आले आणि तिचे पाय सुजले, डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. नर्सबाई येऊन बघून गेली, म्हणाली, ‘बीपी लय वाढलंय. एकशेआठ बोलावते, महाडला हलवा, इथं ठेवू नका.’ पण तिची सासू सोनाबाई आली होती. तिची एक भावजय ऑपरेशनच्या टेबलावर गेलेली. म्हणाली, ‘कौल घ्या व्याही. डावा दिला तर माझी सून मी कापायला देणार नाय.’ जावई अश्विन मुंबईत. फोनवर म्हणतो, ‘आई म्हणेल तसं.’ बघा! बायको त्याची, पोरगी माझी, जीव तिचा, आणि निकाल कळ्यांच्या हातात.

मी काय केलं असेल? बरोबर. घरातून निघताना टोपातलं शीत उचललं. ह्या खेपेला डावीखाली.

सकाळचे दहा वाजले असतील. पण धुकं असं उतरलं होतं की देवळात दिवा लावावा लागला. सोनाबाई बाहेर सभामंडपात बसली, मी गाभाऱ्यात. कळ्या लावल्या. गाऱ्हाणं घातलं. कौलांवरून पाणी ठिबकत होतं, तेवढाच आवाज. वातीकडं बघत बसलो. थोड्या वेळानं तो ठिबकायचा आवाजपण थांबला. कानांना दडे बसल्यागत झालं. आणि वास आला.

पेजेचा. कढत पेजेचा, मीठ घातलेल्या. देवळात चूल नाय, वाडी खाली अर्ध्या कोसावर. मी उंबऱ्याकडं बघितलं. कुणी नाय. सोनाबाईची पाठ तेवढी दिसत होती.

परत वळलो तर डावी कळी हलत होती.

शीत लावलेली कळी, साहेब! ती पडत नसते, ती सरकत नसते. आणि ही सरकत होती. हळू… वरची कड सुटली, मग बाजूची. कुणी नखानं उचकटावं तशी. खालचं शीत ओलं, पांढरं दिसत होतं मला. उजवी तशीच घट्ट. हात पुढं करावा तर हात उठेना.

मी हळूच म्हणालो, ‘ठके… नको गो. आपली पोरगी हाय ती.’

कळी थांबली. अर्धी लोंबत.

माझ्या मागं, अगदी खांद्याजवळ, कुणीतरी दम खाऊन श्वास घेतला. चढ चढून आलेलं माणूस घेतं तसा. आणि मग आवाज आला. भुताचा आवाज कसा असतो म्हणतात? तसला काय नाय. साधा, दमलेला, तिचा.

‘मला न्याल ना…?’

मागं वळून बघायची छाती झाली नाय माझी. ‘नेतो,’ म्हणालो. ‘तुलापण नेतो. देवीची आण. दोघींना नेतो.’

टप्प करून उजवी पडली.

‘उजवा दिला!’ मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की सोनाबाई दचकून उभी राहिली. गाडी आलीच होती. अंकिताला घातलं, सोनाबाई चढली, नर्सबाई चढली. ड्रायव्हर म्हणाला, ‘काका, जागा करतो, बसा.’

मी नाय बसलो.

म्हटलं, घर उघडं हाय. म्हटलं, मागून येतो. खोटं. भ्यालो होतो मी. तिला घेऊन त्या रस्त्यानं जायचं, ती परत ‘आलं का महाड’ विचारणार, तिला काय सांगू? गाडीचं मागचं दार लावायच्या आधी ड्रायव्हर कुणाला तरी वाट देतो तसा क्षणभर बाजूला झाला. मी बघितलं ते. बघून न बघितल्यासारखं केलं.

पोरगी वाचली. नातू झाला, गोरापान. देवीचे उपकार, का कुणाचे, देवीलाच ठाऊक. दहा दिवसांनी माझ्या हातात दवाखान्याचे कागद ठेवले अंकितानं, म्हणाली, ‘बाबा, ह्यात दोन केसपेपर कसे?’ एक तिचा. दुसऱ्यावर त्याच दिवसाची तारीख. नाव, ठकूबाई चांगू गुरव. वय चोपन्न. पोटात गाठ. आणि खाली, सोबत कोण म्हणून रकाना असतो ना, त्यात लिहिलं होतं, ‘नवरा. मागून येत आहेत.’

अंकिता तशीच रडत बसली. मला रडू पण येईना.

तिथं दर्शना म्हणून एक आया हाय. तिनं अंकिताला सांगितलं, एक बाई वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेली असते. रोज नसते. पिशवी मांडीवर घेऊन बसते. कुणी विचारलं तर म्हणते, ‘आमचे मालक येतायत मागून, मग आत घेतील मला.’ चहा दिला तर पीत नाय. अंकिता दवाखान्यात गेली की बघते, तेव्हा बाक रिकामा असतो.

अकरा महिने मी इथं बसलोय. महाड काय लांब हाय? तासाभराची वाट. रोज सकाळी ठरवतो नि रोज दार लावून आत बसतो. दिलेला शब्द मोडला मी, तोपण मेलेल्या माणसाला दिलेला. जितेपणी एकदा, मेल्यावर एकदा, दोन्ही वेळा तिला दाराशी सोडलं. तुम्हाला सांगतो, भुताची भीती नाय वाटत मला. तिच्या तोंडाकडं बघायची वाटते.

तर तुमचा कौल असा हाय. आईचं ऑपरेशन करा. डॉक्टर सांगतो तेव्हा करा. कळी लागत नाय त्याला, पत्ता लागत नाय. आणि तिच्याजवळ बसा.

नाय, उठू नका एवढ्यात. तुम्ही परत महाडलाच चाललात ना? मला घेऊन चला. आज निघायचंच हाय.

का म्हणून विचाराल. सकाळी नऊला अंकिताचा फोन आला. पोराला लस द्यायला गेली होती दवाखान्यात. म्हणाली, दर्शना सांगत होती, ती बाई आज लय खुशीत हाय. बाकावरून उठलीय, लुगडं नीट करून दाराशी उभी राहिलीय. मालक कुठं म्हणून विचारलं, तर म्हणते, ‘निघाले. त्यांना गाडी मिळाली. ज्याची आई आत हाय, त्याच्या गाडीनं येतायत.’

नऊ वाजता, साहेब. तुम्ही माझ्या दारात आलात तेव्हा अकरा वाजून गेले होते.

थांबा, दाराला कडी घालून येतो.