आठाची रांग

वॉर्डातले रुग्ण ओठ न हलवता बोलत. मानेत बसवलेली केसाएवढी तार, 'वाचातंतू', मेंदूने उच्चारू पाहिलेला शब्द उचलून मध्यवर्ती संगणकाकडे पाठवी आणि खाटेवरचा स्पीकर तो बोलून दाखवी. बोलणं हाच जिवंतपणाचा पुरावा होता. तीन तपासण्यांना उत्तर आलं नाही, तर आत माणूस उरलेला नाही असं कायदा मानी आणि श्वासयंत्र बंद होई.

बाळगोंडा बरगाले दोनदा गप्प राहिले होते. तिसरी तपासणी आज दुपारी होती.

"हे आहेत हो आत," त्यांची पत्नी पद्मावती म्हणाली. "सकाळी मी भांडले, तर धडाधड बोलले की!"

"काय बोलले, काकू?" मृण्मयी साखळकरने विचारलं. वॉर्डाचा मध्यवर्ती संगणक ती सांभाळायची.

"'आहे, आहे, बास कर आता पद्मा, डोकं उठवलंस.' एवढं लांब तर लग्नात नाव घेताना बोलले नव्हते! आणि 'आहे, आहे' काय, मी काय हजेरी घेत होते?"

मृण्मयीने शब्द मोजले. आठ. 

एकेक शब्द म्हणजे एकेक संदेश; ते संगणकाच्या नेटवर्क कार्डावर उतरतात. कार्ड चालवणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, प्रोसेसरला हाक मारून ते उचलायला लावतो. प्रत्येक संदेशाला हाक मारली, तर प्रोसेसर ओ देण्यातच दमतो. म्हणून गेल्या महिन्यात मृण्मयीने प्रत्येक खाटेची वेगळी रांग केली आणि रांगेत आठ संदेश जमले की एकच हाक, असं ठरवलं. आठ जमले नाहीत तरी क्षणभराने हाक मारावी, अशी एक मुदत ड्रायव्हरमध्ये होती. ती तिने काढून टाकली. चाचणीत तिचा उपयोगच दिसला नव्हता, कारण चाचणीत प्रत्येक खाटेवरून शब्दांचा लोंढा सोडला होता. एकच शब्द बोलून थांबणाऱ्या माणसाची चाचणी तिने घेतलीच नव्हती.

ते दोन 'आहे' म्हणजे दोन तपासण्यांची, रांगेत अडकून राहिलेली उत्तरं होती.

मृण्मयी ती मुदत परत घालू लागली, तेवढ्यात डॉ. हंजगे आले.

"बरगाले, आहात का?"

स्पीकर गप्प. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं.

"अहो, बोला की!" पद्मावतीने नवऱ्याचा खांदा हलवला. "एरवी गप्प बसा, आज नको!"

"नियमाप्रमाणे सांगतो, बरगाले. श्वासयंत्र बंद करतोय."

"डॉक्टर, हात लावू नका!" मृण्मयी ओरडली आणि तिने मुदत चालू करणारं बटण दाबलं.

"माझं," स्पीकर म्हणाला. सकाळच्या भांडणातला उरलेला शब्द. मग, "आहे." मग, "नको."

पद्मावती हसता हसता रडू लागली. "बघा! तुमचं यंत्र बहिरं, आणि मरणार आमचा माणूस!"

 डॉक्टर खिडकीकडे बघत होते. तिथली खाट सोमवारी त्यांनीच मोकळी केली होती; तिथूनही तीनदा उत्तर आलं नव्हतं. चादर नवी होती, उशीला अजून कुणाचं डोकं लागलं नव्हतं. तिच्यावरचा स्पीकर खरखरला.

"आहे."

मृण्मयीने डोळे मिटले. रांगेत आणखी किती उरलेत, हे तिला पडद्यावर वाचवेना.

"आहे."

"तिथं कोण आहे?" पद्मावतीने विचारलं.

"आहे," रिकामी खाट म्हणाली. "थांबा."