कांद्याच्या वाफ्यातला दगड

"इथेच होता!" तामितनं पाण्याबाहेर डोकं काढलं आणि तोंडातला गढूळ घोट थुंकून टाकला. "बरोबर उंबराच्या नाकासमोर! आणि आता नाही!"

"नीट चाचपलंस का?" लव्हाळ्यांच्या तराफ्यावर पाय सोडून बसलेला हुय म्हणाला. "मागे तू बैलाचं डोकं सापडलं म्हणून बोंब ठोकलीस, आणि निघाली पानेबच्या आजीची घागर."

"आजीची घागर बैलासारखीच दिसते," पानेब म्हणाला. "आजीसुद्धा."

पण तामित हसली नाही. तिच्या मुठीत भाकरीचा तुकडा भिजून लगदा झाला होता. पूर चढला की प्रत्येक घरातल्या पोरानं बुडी मारून आपल्या शेताच्या दगडाला भाकरी द्यायची, अशी गावची रीतच होती. दगड उपाशी राहिला तर अन्न शोधत भटकायला लागतो, असं म्हातारी माणसं सांगत. आणि भटकणारा दगड कुणाला परवडणार? नदीच्या देवाचा, हापीचा पूर ओसरला की सगळी शेतं एकाच काळ्या चिखलाची होतात. बांध नाही, वाट नाही. तुझं कुठे संपतं आणि माझं कुठे सुरू होतं, ते फक्त दगड जाणतो.

त्या वर्षी पूरही असातसा नव्हता. मासे पोहत थेट चुलीपर्यंत येत, आणि बायका त्यांना म्हणत, "थांब रे बाबा, अजून विस्तव पेटला नाही." मगरींना गावाच्या गल्ल्या इतक्या पाठ झाल्या होत्या की वळणावर त्या आपणहून बाजूला होत. हुयच्या लेखनशाळेला सुट्टी होती, कारण गुरुजी हाथोर देवीच्या सणाला गेले होते. त्या सणात जो जास्त पितो तो जास्त धार्मिक. गुरुजी फारच धार्मिक होते.

तामितनं पुन्हा सूर मारला. तळाशी तिच्या हाताला लागला एक खड्डा. दगडाच्या बुडाएवढाच, कडा अजून ताज्या.

दगड सापडला तो दुपारी, खूप आत, तिच्या आईच्या शेताच्या अगदी मधोमध. दगड तोच होता, तिनं बोटांनी ओळखला. बाबांनी त्यावर बदक कोरलं होतं, एक पाय आखूड असलेलं. बाबांना राजाची माणसं गेल्या वर्षी कालवा खणायला घेऊन गेली, आणि परत आली ती फक्त त्यांची कुदळ. कुदळ घरपोच केल्याबद्दल गावप्रमुख अंखूनं आईकडून दोन बदकं घेतली होती. खरीखुरी, दोन्ही पायांची.

"दगडाच्या कमरेला दोर आहे!" तामित वर येत धापा टाकत म्हणाली. "लाल दोर!"

गावात लाल रंगवलेले दोर एकाच माणसाच्या बैलांना असत.

"अंखूकाका!" पानेब कुजबुजला. "चोरी करून वर दोर तसाच सोडून गेला? किती हा आळशीपणा!"

"पाण्याखाली कोण बघतंय, असं वाटलं असेल," हुय म्हणाला. "मोठ्या माणसांना पोहायचा कंटाळा येतो ना."

उंबराच्या पलीकडे अंखूचा कांद्याचा वाफा होता. म्हणजे उंबरापासून मधल्या दगडापर्यंतची जमीन आता अंखूची. उरलेल्या अर्ध्या तुकड्यात पिकेल ते आईला आणि तामितला पुढच्या पुरापर्यंत पुरणं शक्यच नव्हतं. आणि ज्या घरात धान्य संपतं, त्या घरातल्या मुली अंखूच्या घरी दळायला जातात. तामितनं त्या मुलींचे जात्यापुढे टेकून सोलवटलेले गुडघे पाहिले होते.

"सोपं आहे," हुय म्हणाला. "दगड उचलू आणि परत उंबरासमोरच्या खड्ड्यात ठेवू. संपलं."

"संपलं? आणि पुढच्या पुरात तो परत हलवेल!" तामितचे डोळे लाल झाले होते, आणि ते फक्त गढूळ पाण्यामुळे नव्हतं. "नाही. सगळ्या गावासमोर त्याची जिरवायची. दगड त्याच्याच कांद्याच्या वाफ्यात नेऊन ठेवायचा!"

पानेबचा जबडा खाली आला. मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं की तराफासुद्धा डुलला.

"मोजणीच्या दिवशी शपथ असते ना," तामित भराभर बोलू लागली. "राजाच्या आयुष्याची! 'सगळे दगड जागच्या जागी आहेत, कुणीही हात लावलेला नाही.' ती शपथ गावप्रमुख घेतो. घेऊ दे! आणि मग बघू दे दगड कुठे आहे ते!"

"त्यापेक्षा खड्ड्यातच ठेवू या गं," हुय पुन्हा म्हणाला. "मला हे जरा जास्तच वाटतंय."

"तू लेखनशाळेत जाऊन भित्रा झालायस."

यावर कुठल्याही मुलाचं जे होतं तेच हुयचं झालं. तो तयार झाला.

अंखू मोजणीच्या अधिकाऱ्याला आणायला नावेतून शहरात गेला होता. सोबत भाजलेली बदकं आणि जवाच्या दारूचे रांजण होते, म्हणजे तो लवकर परतणार नव्हता. तिघांनी दोन तराफे एकाला एक बांधले, त्याच लाल दोरानं दगड खालून आवळला, आणि दोराची टोकं तराफ्यांना ताणून बांधली.

"आता ओढा!" पानेब म्हणाला.

"ओढायचं कशाला?" तामित म्हणाली. "बसा. नदी अजून चढतेय."

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी उन्हं चढेपर्यंत नदीनं तो दगड असा अलगद उचलला, जसं आईनं झोपलेलं पोर उचलावं. तीन पोरं आणि एक दगड पाण्यावरून हळूहळू निघाले. वाटेत अंखूची भावजय दाराशी मासे खवलत बसली होती. तिनं हाक मारली, "काय रे, काय ओढताय?"

"अंखूकाकांसाठी भेट आहे, काकू!" पानेब ओरडला.

"गुणाची गं पोरं!" काकू म्हणाल्या.

वाफ्यावर पोचल्यावर तामित दोर सोडायला खाली गेली, आणि तिथेच घात झाला! दगड तळाला टेकताना दोराचा वेढा तिच्या घोट्याभोवती बसला. तिनं हिसका दिला. वेढा आणखी आवळला. छातीत हवा संपत आली. वर उजेड दिसत होता, अगदी हातभर वर, आणि तिच्या मनात आलं, बाबांनाही शेवटी असंच दिसलं असेल का? तेवढ्यात पानेब गारगोटीची सुरी दातांत धरून खाली आला आणि त्यानं दोर कापला. अर्धा दोर दगडाच्या कमरेलाच राहिला.

"राहू दे तो," वर आल्यावर खोकत खोकत तामित म्हणाली. "ओळख पटायला बरा."

पाणी ओसरलं, घोट्याएवढं उरलं, आणि अधिकारी आला. सेनबी त्याचं नाव. पोट असं की नावेतून आधी ते उतरलं आणि नंतर तो. मागे मोजणीचे दोरवाले, त्यांच्यामागे दंडुकेवाले, आणि सगळ्यांत पुढे डुलत डुलत अंखू. खळ्यावर गाव जमला. तामितची आई हेनुत एका कडेला उभी होती. तामितनं तिला काहीच सांगितलं नव्हतं. तिला गंमत दाखवायची होती.

अंखूनं हात वर करून खड्या आवाजात शपथ घेतली. राजाच्या आयुष्याची! सगळे दगड जागच्या जागी!

"छान," सेनबी म्हणाला. "चला, हेनुतच्या शेतापासून सुरुवात."

शेताच्या मधोमध दगड नव्हता. अंखू थांबला. त्यानं डोळे चोळले. पायानं चिखल ढवळला. दोरवाले दोर खांद्यावर घेऊन ताटकळले. आणि मग पानेब अगदी निरागस आवाजात म्हणाला, "अरेच्चा! अंखूकाका, तुमच्या कांद्यात ते काय आहे हो?"

कांद्याच्या वाफ्यात, कमरेला लाल पट्टा बांधून, आखूड पायाचं बदक मिरवत, दगड ऐटीत उभा होता.

गाव इतका हसला की म्हणे नदीच्या पलीकडच्या गावानं सण आहे समजून ढोल वाजवायला घेतले. 

"शपथेप्रमाणे," सेनबी डोळे पुसत म्हणाला, "दगड जागेवर आहे. म्हणजे तुझा कांदा हेनुतचा झाला, अंखू!"

"खोटं आहे!" अंखू किंचाळला. "मी तर तो तिच्या शेतात मधोमध..."

त्यानं जीभ चावली. पण ती चावून उपयोग नव्हता, शब्द निघून गेले होते. दंडुकेवाल्यांनी त्याला आडवा केला. गाव फटके मोजत होता, मोठ्यानं, आनंदानं.

"आणि वाफ्यात कुणी आणला?" सेनबीनं विचारलं.

हुयनं तामितचा दंड घट्ट धरला. तिनं तो सोडवला.

"नदीनं!" ती म्हणाली, आणि मग तिला राहवलं नाही. तिनं सगळं सांगितलं. खड्डा, दोर, तराफे, सगळं. सेनबी पोट धरधरून हसला. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"धन्य गं पोरी! माझ्या हाताखाली बावीस लेखनिक आहेत, पण असं डोकं एकालाही नाही. हेनुत, नशीबवान आई आहेस तू!"

आई हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच.

"म्हणजे दगड दोनदा हलला," सेनबी त्याच प्रेमळ आवाजात पुढे म्हणाला. "एकदा चोरानं हलवला, एकदा पोरांनी. मग त्याची खरी जागा कुठली?"

"उंबरासमोर! मी दाखवते! तिथे खड्डा आहे!"

तामित धावली. उंबरासमोर तिनं हात चिखलात खुपसला, इकडे खुपसला, तिकडे खुपसला. नदीनं खड्डा बुजवला होता. वर काळा, मऊ, सपाट गाळ होता, पिकाला एकदम उत्तम.

"इथेच होता! सगळ्यांना माहीत आहे! विचारा ना कुणालाही!"

सेनबीनं गावाकडे पाहिलं. गावानं दंडुक्यांकडे पाहिलं, आणि मग आपापल्या पायांकडे. हेनुत एकेकाच्या तोंडाकडे बघत गेली. मघाशी इतकं मोठ्यानं मोजणाऱ्या गावाला आता उंबरसुद्धा आठवेना.

"ज्या शेताला दगड नाही, ते शेत देवळाचं," सेनबी म्हणाला. "हेनुतचं सगळं आणि कांद्याचा वाफाही. लिहून घ्या. हेनुतनं काळजी करू नये, देवळाला पेरायला माणसं लागतातच." मग त्याला काहीतरी आठवलं. "आणि या हुशार पोरांना एक बदक द्या. मोठं बघून."

"दगड खड्ड्यात असता तर..." हुय पुटपुटला, आणि तामितचा चेहरा पाहून गप्प झाला. ते वाक्य त्यानं पुढे आयुष्यात कधीच पूर्ण केलं नाही, आणि तिला ते रोज पूर्ण ऐकू यायचं.

संध्याकाळी शेजारीपाजारी आले. त्यांनी तामितची पाठ थोपटली. "सिंहीण आहे गं तुझी लेक, हेनुत! अंखूची काय जिरवली!" त्यांनी बदकाचा एकेक तुकडा खाल्ला आणि गेले. आईनं सगळ्यांत मोठा तुकडा तामितच्या पुढ्यात ठेवला.

"खा," ती म्हणाली. "चांगलं काम केलंस."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

काही दिवसांनी पेरणी सुरू झाली. देवळाच्या माणसांनी दगडावरचं बदक खरवडून काढलं आणि तो देवळाच्या हद्दीवर, पार लांब नेऊन रोवला. तामित टोपली धरून आईच्या मागे चालत होती. आई मूठ भरायची, फेकायची, मूठ भरायची, फेकायची. उंबरासमोर आली तशी ती थांबली, आणि वर्षानुवर्षं वळत आली तशी मागे वळली.

"ए बाई, वळतेस कुठे?" देवळाचा मुकादम मागून ओरडला. "पुढे चल! पुढेही आपलंच आहे!"

आईनं मूठ भरली आणि पाय उचलला. तिथे काही नव्हतंच, सपाट चिखल होता नुसता. तरी तामितनं पाहिलं, आईनं तो पाय काहीतरी ओलांडावं तसा उंच उचलला होता.