उरल्या

फोन खाली ठेवा. ज्याला भीती वाटतेय त्याने नाही ठेवला तरी चालेल, उजेड लागेल त्याला.

तर माझा साडू त्या रात्री पोरीच्या खोकल्याचं औषध आणायला म्हणून घराबाहेर पडला. गुरुवार होता, अकरा वाजायला आले होते. अमावस्या वगैरे काही नव्हती, चांगला अर्धा चंद्र होता वर. भुतं काय कॅलेंडर बघून निघतात?

साडूचा धंदा घरं पाडायचा. सगळे त्याला धुरळा म्हणत आणि त्याला ते आवडायचं, यावरून ओळखा माणूस. पेठेतलं एक तीन मजली घर त्या रात्री पाडायचं होतं, कारण तो रस्ता रात्रीच बंद करता येत होता. औषधाची बाटली खिशात घालून हा वाटेत तिथे थांबला. यंत्र तयार होतं, चालक वर बसलेला होता. घराची दारं-खिडक्या आधीच काढून नेलेल्या, वायरी ओढून काढलेल्या.

त्या धंद्यात एक नियम असतो. पहिला घाव घालायच्या आधी ठेकेदाराने स्वतः आत जायचं, प्रत्येक मजल्यावर उभं राहून हाक मारायची, आत कोणी उरलंय का? मग गप्प राहून ऐकायचं. एखादा दारुडा झोपलेला असतो, एखादी बेघर म्हातारी असते. साडू कसले मजले चढतोय! जिन्याच्या पायथ्याशी उभा राहिला आणि ओरडला, "आत कोणी उरलंय का?"

वरून आवाज आला, "मी आहे."

मऊ आवाज. बाईचा की पुरुषाचा, कळेना. त्यात भीती नव्हती, घाईसुद्धा नव्हती.

चालकाने यंत्रावरून विचारलं, "साहेब, कोणी बोललं का आत?"

आता इथे माणसाने वर जावं की नाही? साडूने घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "कोणी नाही. घाल रे."

नंतर मला सांगत होता, औषधाची घाई होती. पोरीसाठी म्हणे! औषध पोरीला मिळालं दुसऱ्या दिवशी सकाळी, हेही सांगून ठेवतो. रात्रभर हा तिथेच कमरेवर हात ठेवून उभा होता. ढिगारा उपसला तर आत कोणी नाही. माणूस नाही, मांजर नाही. मग काय, छाती काढून फिरला. "बघा, म्हणालो होतो ना!"

त्याला उरल्या माहीत नव्हता. तुम्हालाही नसणार, तुमच्या फोनमध्ये नाही तो.

फार जुनी गोष्ट, गावं वसायच्याही आधीची. अंधाराचा एक धनी होता. त्याचं नाव मोठं लांबलचक होतं, पण तेवढा मान द्यायचं कारण नाही, आमच्याकडे त्याला उरल्याच म्हणतात. सात भावांनी मिळून त्याला मारला, तोडला, खड्ड्यात घालून जाळला. राख झाल्यावर थोरल्याने विचारलं, "काही उरलं का रे?" राखेतून आवाज आला, "मी आहे." सातही जणांनी ऐकलं. पण सगळे दमले होते, पोटात कावळे ओरडत होते. थोरल्याने अंगावरची राख झटकली, "वारा असेल," म्हणाला आणि निघाले घरी. पुढे त्यांची गाणी झाली, पुतळे झाले. वीर म्हणे! जरा राख उकरायचा कंटाळा आला त्यांना.

तेव्हापासून तो टिकून आहे. चिलटाएवढा जीव, काडीची ताकद नाही. त्याला सैन्य लागत नाही. ऐकून न ऐकल्यासारखं करणारा एक माणूस लागतो फक्त. आणि त्यांचा कधी तुटवडा पडलाय?

चार दिवसांनी मेहुणी रात्री स्वयंपाकघर आवरत होती. सहज म्हणाली, "जेवायचं कोणी राहिलंय का?"

जिन्यातून आवाज आला, "मी आहे."

तिच्या हातातलं झाकण हातातच राहिलं. "अहो, कोण आहे?"

"कोणी नाही. दिवा घालव."

"अहो, पण मी ऐकलं..."

"तू काही ऐकलं नाहीस."

मग ते रोजचंच झालं. कधी चालकाचा आवाज, कधी मेहुणीचा, कधी साडूच्या मेलेल्या आईचा. मेहुणी काकुळतीला यायची, "एकदा जिन्यात जाऊन बघा तरी!" हा टीव्ही मोठा करायचा. बघितलं तर ऐकल्याचं कबूल करावं लागतं ना.

मग तो शनिवार. आमच्या सासूबाई घरात पाय घसरून पडल्या म्हणून मेहुणी तिकडे गेली होती. घरात साडू आणि सात वर्षांची पोर, दोघंच. साडेदहाला वारा सुटला. गच्चीचं लोखंडी दार आपटायला लागलं. साडू वर गेला, बाहेर न बघता दाराला कडी घातली आणि खाली येऊन बसला.

वरून आवाज आला.

"बाबा... मी आहे."

पोरीचा आवाज. हुबेहूब.

साडू हसला. आता पोरीचाही आवाज काढायला लागला, म्हणाला.

"बाबा... दार..."

टीव्ही मोठा केला.

"बाबा..."

पोरीचं अंथरूण बाजूच्याच खोलीत होतं. मान वळवायची होती. फक्त मान...

नाही वळवली.

मग आवाज थांबला. साडूला छान झोप लागली. ऐकताय ना? छान झोप लागली.

सकाळी अंथरूण रिकामं. रात्री वारा सुटला तेव्हाच वाळत घातलेले शाळेचे कपडे आणायला पोर गच्चीवर गेली होती. साडू धावला. कडी काढली.

ती टाकीला टेकून बसली होती. डोळे उघडे. रात्रभर तो बोचरा वारा, अंगात पातळ फ्रॉक... आणि हात लावला तर अंग उबदार.

झोपताना तिच्या दोन वेण्या असायच्या. आता एक होती. घट्ट, नीट घातलेली.

"वेणी कोणी घातली गं?"

पोर उठली आणि त्याच्या बाजूने जिना उतरून खाली गेली.

ती वेणी सुटेना. मेहुणी आली, तेल लावून पाहिलं, फणीचे दात मोडले. शेवटी मानेपाशी कात्री लावली.

पोर आता मोठी झालीय. धडधाकट आहे, अभ्यासात हुशार आहे. परवा मी त्यांच्याकडे बसलो होतो. साडूने हाक मारली, "बाळ, पाणी आण गं." ती वाचत होती. "बाळ..." तिने पान उलटलं. कान ठणठणीत आहेत, डॉक्टरांना दाखवून झालंय. ऐकते ती. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, ऐकते. साडू हल्ली रडतो. मला त्याची कीव येत नाही. पोरीसाठी मात्र जीव तुटतो.

ती कापलेली वेणी मेहुणीने टाकली नाही, फडक्यात बांधून कपाटात ठेवलीय. कापली तेव्हा वीतभर होती. परवा निघताना तिने मला आत बोलावलं आणि फडकं सोडून दाखवलं.

हातभर झालीय.