धूसर झालेलं गाणं

ऋतुजाने पिशवीतून पेचकस काढून मंजूषाच्या टेबलावर ठेवला.

"हा उद्या सरांना परत द्यायचाय," ती म्हणाली. "मग मी बिलिंग काउंटरवर. असेंब्ली बंद."

टी. टी. नगरातल्या त्या लहानशा खोलीत मंजूषा खाजगी तपासाची कामं घेई. कोपऱ्यात केशवकाका टिपणं लिहीत. सचिवालयाच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर ते तिच्या मदतीला येऊ लागले होते, आणि आपली खरंच मदत होते का, अशी शंका त्यांना रोज निदान दोनदा येई.

"नीट सांग," मंजूषा म्हणाली.

ऋतुजा दुकानात कॉम्प्युटर जोडायची. सोनागिरीच्या सुभाषरावांनी, कारखान्यातल्या निवृत्त फोरमननी, तिच्याकडून खास टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर बनवून घेतला होता. कारण एकच. चौदा वर्षांपूर्वी मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनात त्यांच्या पत्नी रेवतीबाई गायल्या होत्या आणि पेटीवर स्वतः सुभाषराव होते. आता रेवतीबाई नव्हत्या. घरात गाण्याची डीव्हीडी होती, पण धूसर. गेल्या महिन्यात पुण्यातल्या पुतण्याला, निनादला, कॅमेऱ्यातलं मूळ फुल एचडी चित्रण सापडलं आणि त्याने ते पाठवून दिलं.

"शुक्रवारी मशीन लावलं, फाइल टाकली, अर्धा मिनिट चालवून पाहिली. एकदम काच. रविवारी सगळे बघायला बसले, तर चित्र धूसर. त्यांचा मुलगा जितेंद्र भडकला. मशीन बंद केलं आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, ही मुलगी जुने पार्ट घालते. आमचे नितीनसर म्हणाले, बेटा, दुकान के नाम का सवाल है."

"आणि सुभाषराव?"

"आजोबा गप्प आहेत. फार चांगले आहेत हो ते. दोन दिवस माझ्या शेजारी स्टूल टाकून बसले, एकेक क्लिक वहीत लिहून घेतली. डीव्हीडी ड्राइव्ह आजकाल कोणी लावत नाही. जुन्या डिस्क कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्यात म्हणून त्यांनी तोही लावून घेतला."

केशवकाकांनी सगळं लिहून घेतलं. त्यातलं महत्त्वाचं काय, ते त्यांना कळलं नाही.

सोनागिरीच्या घरी जितेंद्रने दार उघडलं आणि ऋतुजाला पाहून तोंड वाकडं केलं. "मी आधीच म्हणत होतो, रेडिमेड बॉक्स घ्या."

"पाच मिनिटं द्या," मंजूषा म्हणाली. "पार्ट जुने निघाले तर तुमच्या मेसेजखाली माझी सही."

ऋतुजाने मशीन सुरू करून आधी जंगलाची एक फिल्म लावली. वाघाच्या मिशीचा केस न् केस दिसला. मग गाणं लावलं. रेवतीबाईंचा चेहरा ओळखू येत होता, एवढंच.

"म्हणजे मशीन ठणठणीत आहे," मंजूषा म्हणाली. "फाइल बघ."

"मी टाकलेली दीड जीबीची होती. ही चारशे एमबीची. नाव तेच." ऋतुजाने मान वर केली. "शनिवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी बनलीय."

दरम्यान केशवकाका कोपऱ्यातल्या पेटीजवळ गेले होते. त्यांनी हळूच भाता हलवून एक पट्टी दाबली. आवाज नाही. आपण काहीतरी मोडलं, या भीतीने ते मागे सरले.

"काका, आधी समोरचे स्टॉप ओढायचे असतात," सुभाषरावांची सून प्राजक्ता हसत म्हणाली. "ते आत असले की हवा अडते, पेटी मुकी."

शनिवारचं मंजूषाने तिलाच आधी विचारलं.

"साडेतीन ते सहा मी बाजारात. निघताना हे घोरत होते. परत आले तेव्हाही घोरतच होते."

"सेकंड सॅटर्डेची सुट्टी होती," जितेंद्र पुटपुटला.

"बाळूमामा आले होते ना बाबांकडे?" प्राजक्ता म्हणाली. "सासूबाईंचे भाऊ."

"बाळू असलं काही करणार नाही," सुभाषराव घाईने म्हणाले. "मी आत चहा करत होतो, तो इथे पेपर वाचत होता. आणि मला यातलं काही कळत नाही. रिमोट दाबता येतो, बस."

"गाणं तुम्ही रविवारीच पहिल्यांदा पाहिलंत?"

"सगळ्यांबरोबरच." ते पडद्याकडे पाहत राहिले. "सात वीसला सुरू झालं होतं. दिसतं की, मागच्या भिंतीवर घड्याळ आहे."

केशवकाकांनी डोळे बारीक केले. भिंतीवर एक पांढरा ठिपका होता. चष्म्याचा नंबर वाढला असावा.

मंजूषाने बाळूमामांना फोन केला. ते तुलसी नगरहून स्कूटरवर अर्ध्या तासात हजर झाले.

"मला तर ते गाणं स्वच्छ बघायचंय," हेल्मेट काढत ते म्हणाले. "त्या दिवशी मी विंगेत होतो, समोरून काही दिसलंच नाही. एकाच गुरूंकडे शिकलो आम्ही भावंडं. तिच्याकडे गळा, माझ्याकडे पेटी."

"हेच असणार," केशवकाका मंजूषाच्या कानाशी कुजबुजले. "एकटेच होते इथे."

"ऋतुजा, मशीनमधल्या सगळ्या डिस्कवर मोठ्या फाइली शोध."

एक मिनिटात ऋतुजा म्हणाली, "मिळाली. दीड जीबी. 'सकाळची भजनं' या फोल्डरमध्ये, नाव बदलून."

"बसा सगळे," मंजूषा म्हणाली. "ज्याला गाणंच नको होतं, त्याने फाइल पुसली असती. इथे मूळ जपून ठेवलंय आणि जागी डीव्हीडीवरची नक्कल टाकलीय. म्हणजे त्याला रेवतीबाई हव्या होत्या, फक्त बारकावे नको होते. जितेंद्रना मशीन वाईट ठरवायचं असतं, तर एक वायर ओढून काम झालं असतं. प्राजक्ता घरात नव्हती. बाळूमामा काकांना संशयित वाटतात, पण त्यांना हे स्वच्छच बघायचंय. राहिलं कोण? ज्यांनी डिस्क उतरवायला ड्राइव्ह लावून घेतला, एकेक क्लिक लिहून घेतली आणि मला मात्र सांगितलं की रिमोटपलीकडे काही कळत नाही."

सगळ्यांच्या नजरा सुभाषरावांकडे वळल्या.

"घड्याळातले सात वीस या धूसर चित्रात दिसत नाहीत. केशवकाकांनाही दिसले नाहीत, आणि त्यांचा चष्मा ठीक आहे. ते शुक्रवारी, ऋतुजा गेल्यावर, एकाच माणसाने पाहिले."

"बाबा?" जितेंद्र म्हणाला.

"का केलं, याचा मला अंदाज आहे," मंजूषा सुभाषरावांना म्हणाली. "तो मी बोलणार नाही. मूळ गाणं लावायचं की नाही, तुम्ही ठरवा. उद्यापासून ही मुलगी काउंटरवर बसणार आहे, तेवढं लक्षात असू द्या."

सुभाषरावांनी खुर्ची पडद्यासमोर ओढली. मग त्यांनी रिमोट उचलला.

पडदा उजळला. रेवतीबाईंच्या कपाळावरचा घाम, काठातली जर, सगळं समोर आलं. शेजारी चौदा वर्षांनी तरुण सुभाषराव पेटीवर बोटं फिरवत होते.

"पेटीच्या समोर बघा," ते म्हणाले.

केशवकाकांनी पाहिलं, आणि या खेपेला त्यांना स्वतःहून कळलं. पेटीचे सगळे स्टॉप आत ढकललेले होते.

"मग वाजवतंय कोण?" जितेंद्रने विचारलं.

"विंगेत बाळू. मला ती चाल जमतच नव्हती. तालमीत आठ वेळा चुकलो. रेवती म्हणाली, पुढे तुम्हीच बसा, नाहीतर लोक विचारतील. बक्षिसाचा कप मला मिळाला. म्हटलं, उद्या सांगू. चौदा वर्षं झाली. शनिवारी बाळू यायच्या आधीच फाइल बदलली, आणि या पोरीचं नाव खराब होताना मी गप्प बसलो."

"गाढवा, निदान स्टॉप तरी उघडायचेस," बाळूमामा म्हणाले.

"उघडले असते तर मी वाजलो असतो ना."

बाळूमामा पोट धरून हसले. जितेंद्र ऋतुजाकडे वळला. प्राजक्ताने त्याला कोपर मारलं. "सॉरी," तो म्हणाला. "मी न तपासता लिहिलं."

"इट्स ओके नाही म्हणणार मी," ऋतुजा म्हणाली. "पण ठीक आहे."

सुभाषरावांनी तिथूनच नितीनला फोन लावला. "चूक माझी होती. ती काउंटरवर बसली तर मी रोज येऊन तुमच्या दुकानात बसेन, सांगून ठेवतो." मग त्यांनी मोबाइल जवळ धरून एका बोटाने मंडळाच्या ग्रुपवर टाइप केलं आणि पाठवण्याआधी मोठ्याने वाचलं.

"ऋतुजाने बनवलेलं मशीन उत्तम. फाइल मी बदलली. पेटी बाळूने वाजवली होती, मी नाही."

त्यांनी बटण दाबलं. खोलीतले तीन फोन एकदम वाजले. कोणी उचलून पाहिला नाही. रेवतीबाई अजून गात होत्या.