फायटरचं पाणी

मी एका खासगी रुग्णालयात फुप्फुसांची तपासणी करतो. पेशंटला नळीत फुंकायला लावायचं, श्वास मोजायचा, कागद छापून डॉक्टरांकडे द्यायचा. सोळा वर्षं हेच करतोय. त्यामुळे पुढचं सगळं मोजून सांगतोय.

माझे वडील, सांडू, पडेगावच्या पुढं खडीच्या क्रशरवर बावीस वर्षं होते. दगडाची धूळ छातीत बसली ती बसलीच. गेल्या हिवाळ्यात त्यांना पुंडलिकनगरला आमच्याकडे आणलं, तेव्हा मिनिटाला बत्तीस श्वास, ऑक्सिजन ब्याऐंशी. कॉटशेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरत असायचं. तीन शब्द बोलले की थांबायचे.

दिवसभर भिंतीकडे बघत बसतात म्हणून माझ्या बायकोनं, करुणानं, औरंगपुऱ्यातून एक फायटर मासा आणला. गडद निळा, शेपटी ओढणीसारखी लांब. जोडीला दुसरा नर ठेवला तर एकमेकांना फाडतात, म्हणून एकटाच. काचेचं भांडं तिनं कॉटजवळच्या स्टुलावर ठेवलं.

"ह्याला पंप लागत नाही बाबा," ती म्हणाली. "हा वर येऊन हवा घेतो."

"पाण्यात राहून बी?" वडील थांबले. "माझ्यावाणीच हाय की."

मासा वर यायचा, तोंड पाण्याबाहेर काढून हवा गिळायचा. टिप् असा बारीक आवाज व्हायचा. वडील तासन् तास ते बघायचे.

आठवड्याभरात ते पूर्ण वाक्यं बोलायला लागले. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी नाकातली नळी काढून ठेवली. ऑक्सिमीटरवर शहाण्णव. मी दुसरा ऑक्सिमीटर आणला. त्यावरही शहाण्णव. एक्स-रे मात्र होता तसाच होता, दोन्ही बाजू पांढऱ्या. डॉक्टर म्हणाले, "घरी काय चाललंय ते चालू ठेवा."

एका रविवारी दुपारी सवयीनं मी वडिलांचे श्वास मोजले. मिनिटाला सहा. एवढ्यावर माणूस शांतपणे बसून गप्पा मारू शकत नाही. श्वासांत ताल नव्हता. सात सेकंद, मग बारा, मग नऊ.

टिप्.

मी भांड्याकडे बघितलं. मासा वर आला की वडिलांची छाती फुगायची. तो खाली गेला की छाती थांबायची. मी अर्धा तास बसलो. एकदाही चुकलं नाही.

करुणाला सांगितलं तर ती म्हणाली, "बरे झालेत ना? मग मोजू नका."

मला राहवलं नाही. दुसऱ्या रविवारी, पाणी बदलतो म्हणून, भांडं स्वयंपाकघरात नेलं. पोळ्या गुंडाळायचा प्लास्टिकचा कागद पाण्यावर सपाट दाबून बसवला. मासा वर आला, कागदाला तोंड लावलं, खाली गेला. पुन्हा आला. पुन्हा.

आतून करुणा किंचाळली.

मी कागद ओढून काढला आणि धावलो. वडिलांचे ओठ जांभळे झाले होते, डोळे उघडे. एक मोठा श्वास आत गेला. बऱ्याच वेळानं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"संघपाल," ते म्हणाले, "झाकण नको लावू बाबा."

मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. स्वयंपाकघर त्यांच्या कॉटवरून दिसत नाही. त्या दिवशी मी जेवलो नाही. स्वतःच्या बापावर मी प्रयोग केला होता.

त्यानंतर मी त्या माशाला जिवापाड जपलं. तरी जूनमध्ये एका सकाळी तो तळाशी आडवा पडलेला दिसला. रंग उडालेला. करुणानं माझा हात घट्ट धरला. आम्हा दोघांना वळून कॉटकडे बघायचा धीर होईना.

"चहा गार व्हायलाय माझा," मागून वडील म्हणाले.

ते उठून बसले होते. शहाण्णव.

मी मासा कढीपत्त्याच्या कुंडीत पुरला. भांडं रिकामं करायला उचललं तर वडिलांनी माझं मनगट धरलं.

"पाणी राहू दे."

टिप्.

रिकाम्या पाण्यावर मसुराएवढं वर्तुळ उठलं आणि पसरून विरलं. वडिलांची छाती फुगली.

याला आता पाच महिने झाले. वडील सकाळी कोपऱ्यापर्यंत चालून येतात. करुणा रोज ग्लासभर पाणी भांड्यात वाढवते आणि ते कधी आटू देत नाही. आम्ही यावर बोलत नाही.

परवा तिनं हाक मारली. आवाज बारीक होता.

"इकडं या जरा. दोन उठतायत."

मी बघितलं. एक वर्तुळ कॉटच्या बाजूला उठत होतं, वडिलांच्या छातीबरोबर. दुसरं माझ्या बाजूला, काचेला लागून, जरा वेगानं. मिनिटाला सोळा.

करुणाची छाती वेगळ्या लयीत होती. मी तिच्याकडे न बघता श्वास रोखला.

दुसरं वर्तुळ उठलं नाही.